मळीचे आठ डबे

या अंकाच्या संपादकांनी सलग तीन वर्षं माझ्याकडे लेख मागितला आणि तिन्ही वर्षं मी पाठदुखीचं कारण सांगितलं. पाठ दुखते हे खरं. पण लेख तिच्यामुळे अडला नव्हता. भाजीबाजाराच्या कचऱ्यातून गॅस काढण्याचं काम मी कोल्हापुरात सात-आठ वर्षं केलं. त्याबद्दल बोलायला लागलो की शेवटी कुणीतरी हटकून विचारतं, "मग तो तुमचा प्रकल्प बंद का पडला हो?" या प्रश्नाचं एक तयार उत्तर माझ्याकडे आहे. ते मी व्याख्यानांत दिलं, नातेवाइकांना दिलं, बायकोलाही दिलं. ते खोटं आहे. आता ऐंशी जवळ आली, बायको गेली, विचारणारेही कमी झाले. खोटं मात्र होतं तिथंच आहे. म्हणून यंदा पाठीचं नाव सांगितलं नाही.

आधी धंदा समजावून सांगतो. त्याशिवाय माझी चूक कळणार नाही.

ओला कचरा कुटून हवाबंद टाकीत भरला की तिच्यातले सूक्ष्म जीव तो खातात आणि जळणारा गॅस सोडतात. खेड्यापाड्यांत गोबरगॅस असतो, तेच तत्त्व. टाकीच्या तोंडावर लोखंडाचा एक घुमट पालथा तरंगत असतो. गॅस साठला की घुमट वर येतो, वापरला की खाली बसतो. त्यामुळे प्रकल्प कसा चाललाय हे रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसतं. गॅस निघून गेल्यावर जो पातळ काळा राब उरतो त्याला शेतकरी स्लरी म्हणतात. ते चांगलं खत. म्हणजे गॅस विकायचा, स्लरी विकायची, आणि कच्चा माल कचरा. कचऱ्याला कोण पैसे मागणार?

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर एका लहानशा खासगी संस्थेनं हे काम अंगावर घेतलं आणि उद्यमनगरात फौंड्रीत वीस वर्षं काढलेला मी तिथं प्रकल्पप्रमुख झालो. प्रकल्प अहवाल मीच लिहिला. 'कच्चा माल' या शब्दांपुढं मी शून्य लिहिलं. ते लिहिताना मला फार हुशार वाटलं होतं.

पहिल्या आठवड्यातच कळलं की कचरा फुकट असतो, पण टाकीत घालण्याजोगा कचरा फुकट नसतो. बाजारातून येणाऱ्या ढिगात कोबीची पानं असत तशी सुतळी, प्लॅस्टिक, करवंट्या, केळीचे दांडे, तुटक्या चपला. एकदा तर चालू स्थितीतलं मनगटी घड्याळ निघालं. सुतळी कुटण्याच्या यंत्राच्या दांड्याला गुंडाळली की अर्धा दिवस गेलाच. माती टाकीत गेली की तळाशी बसून जागा खाते. हे सगळं आधी निवडून काढायला माणसाचे हात लागतात. आमच्याकडं ते हात अकरा बायकांचे होते, आणि त्यांची म्होरकी होती हौसाक्का.

हौसाक्का मूळची नेसरीकडची. तिकडं थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात. ही सगळ्या बाजाराचीच अक्का होती. पन्नाशीची, उंच, आवाज असा की पलीकडच्या गल्लीतला रिक्षावाला वळून बघायचा. आमच्याकडं येण्याआधी ती त्याच बाजारात भंगार वेचायची. तिच्याबरोबर तिची धाकटी जाऊ रुक्मा. रुक्मा मुकाट, तिच्या वाटचंही हौसाक्काच बोलायची. दोघी विधवा, दोघींची मुलं एका घरात वाढलेली, दोघी एका चुलीवर जेवायच्या.

मी 'ओला' आणि 'कोरडा' अशा दोन पाट्या रंगवून लावल्या होत्या. हौसाक्कानं मला त्या वाचून दाखवायला लावल्या.

"साहेब, ह्यात काय उमगंना. ओला दगूड आला तर कुठं टाकू?"

तिनं पाट्या उचलून भिंतीला टेकवल्या आणि तीन ढीग घातले. "टाकी खाईल ते हिकडं. म्हस खाईल ते तिकडं. कुनीच खानार न्हाय ते भाईर."

"म्हशीचं कशाला वेगळं? तेही टाकीलाच घाला."

"व्हय? कवळी पानं सकाळी म्हशीला घातली तर सांजंला दूध. तुमच्या टाकीला घातली तर तीन आटवड्यानं फुर्र!"

बायका खिदळल्या. म्हशीचा ढीग एक गवळी न्यायचा आणि त्याच्या बदल्यात त्याची बैलगाडी आमच्या दोन खेपा मोफत ओढायची. वाहतूक हा आमचा सर्वांत मोठा खर्च होता. या बाईनं तो न सांगता कमी केला होता. मी तिमाही अहवालात त्याची नोंद 'कच्च्या मालाची गळती' अशी केली.

गॅसचं पहिलं गिऱ्हाईक बाजाराच्या कोपऱ्यावरचे भजीवाले बंडूअण्णा. त्यांच्यापर्यंत आम्ही पाइप टाकला. चौथ्या दिवशी ते कळकट टॉवेल खांद्यावर टाकून हजर.

"ओ पावणं, तुमच्या गॅसवर भजी सकाळी सोडली की गिऱ्हाईकानं संध्याकाळी यायचं का?"

त्यांचं बरोबर होतं. आमच्या गॅसमध्ये न जळणारा वायूही बराच असतो, त्यामुळे आच मंद. त्याला शेगडीची भोकं मोठी लागतात. मी तसं सांगून नवी शेगडी मागवतो म्हणालो, तोवर त्यांनी घरी जाऊन खिळ्यानं भोकं मोठी केली होती आणि शेजारच्या दोघांच्या शेगड्याही चहाच्या बोलीवर करून दिल्या होत्या. तेव्हापासून गॅस जरा कमी झाला की पहिली हाक त्यांची.

स्लरीची गोष्ट आणखी न्यारी. कोडोलीचा एक ऊस बागायतदार टँकर भरून घेऊन गेला. दोन-अडीच महिन्यांनी टोपली घेऊन आला आणि माझ्या टेबलावर रिकामी केली. लालभडक टोमॅटो.

"हे काय?"

"तुमचाच माल हाय. घ्या म्हागारी."

टोमॅटोचं बी इतकं चिवट की टाकीच्या पोटातून जिवंत बाहेर पडतं, हे माझ्या पुस्तकात नव्हतं. त्याच्या उसाच्या सरीसरीला टोमॅटो उगवले होते. मला वाटलं भांडायला आलाय. जाताना म्हणाला, "पुढच्या टायमाला मिरचीचा कचरा जास्त घाला की." हौसाक्कानं ते टोमॅटो पदरात घेऊन तीन ढीग केले आणि बायकांना वाटले.

अशी चार वर्षं गेली. नफा होत नव्हता, पण तोटा हाताबाहेरही नव्हता. गंमत अशी की तो सावरला होता तो अहवालात नसलेल्या गोष्टींवर: गवळ्याची बैलगाडी, बंडूअण्णांचा खिळा, आणि अकरा बायकांची नजर. त्यांचं मानधन मी 'किरकोळ' या सदरात दाखवत असे.

मग तो हिवाळा आला. टाकीतले जीव थंडीत मंदावतात. गॅस कमी होणं हे ठरलेलंच. पण त्या वर्षी जानेवारीत अनुदान देणारी समिती पाहणीला यायची होती. तिच्या शेऱ्यावर पुढचा हप्ता अवलंबून होता, आणि आणखी दोन गावांत असे प्रकल्प उभारायचे की नाही हेही. घुमट कमरेएवढा खाली बसला होता. संस्थेच्या अध्यक्षांचा फोन आला. ते एवढंच म्हणाले, "घुमट वर दिसला पाहिजे." कसा, ते त्यांनी सांगितलं नाही. ते माझ्या डोक्यातून निघालं.

कोल्हापूरच्या माणसाला कुठलंही दुखणं गुळानं बरं होतं असं वाटतं. गुऱ्हाळात उसाचा रस उकळताना वर जो मळ येतो, तो झाऱ्यानं काढून टाकतात. त्याला मळी म्हणतात. ती गोड असते, आणि गोड पदार्थातून गॅस झटकन सुटतो. कोडोलीच्या वाटेवरच्या एका गुऱ्हाळातून मी तेलाचे आठ डबे भरून मळी आणली. रोज थोडी थोडी घातली असती तर चाललं असतं. मला ते माहीत होतं. मी आठही डबे दोन दिवसांत टाकीत ओतले.

हौसाक्का ढिगापाशी बसून बघत होती. तिनं हवेत नाक ओढलं.

"साहेब, गोड वास येतोय. काय घातलासा?"

"मळी. थंडीचा खुराक."

"लई घातलासा. म्हशीला एकदम गूळ चारला की पोट फुगतंय, आनी मग ती चारी पाय वर करती."

"अक्का, ही म्हैस नाही. लोखंडाची टाकी आहे."

"पोट हाय न्हवं तिला?" ती म्हणाली आणि परत कामाला लागली.

समिती आली त्या दिवशी घुमट माणसाच्या उंचीच्या वर होता. साहेब लोकांनी मान वर करून तो पाहिला, बंडूअण्णांनी त्याच गॅसवर भजी तळून दिली, फोटो निघाले. माझी पाठ थोपटली गेली. हप्ता मंजूर झाला.

चौथ्या दिवशी बंडूअण्णा धावत आले. "ओ इंजिनेर, तुमचा गॅस काडी फुंकून विझवतोय!"

घुमट वरच होता. आत गॅसही होता. पण तो जळणारा नव्हता. गोड एकदम जास्त झालं की टाकी आंबते. आंबवणारे जीव माजतात, जळणारा गॅस करणारे मरतात. मी लिटमसचा कागद राबात बुडवला तर तो लाल झाला. चुना घातला, ताजं शेण घातलं, गवळ्याच्या घरच्या गोबरगॅसमधला कोमट राब आणून ओतला. आठवडाभर मी टाकीपाशी उभा होतो. काही उपयोग झाला नाही. टाकी उपसून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची, म्हणजे काही महिने गेले. अनुदानाचा शेरा मिळून पंधरा दिवसही झाले नव्हते.

समितीनं लेखी कारण मागितलं.

'मी मळी घातली' असं लिहिलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी गेली वीस वर्षं करतोय. माझी नोकरी गेली असती, हप्ता परत गेला असता. कदाचित त्या दोन गावांतले प्रकल्प झाले नसते. ते तसेही झाले नाहीत.

बाजाराच्या शेडची फरशी रुक्मा रोज संध्याकाळी फिनेलनं धुवायची. ते पाणी गटारात जायचं, टाकीकडं नाही. पण फिनेलनं टाकीतले जीव मरतात, हे कुठल्याही पुस्तकात सापडतं. मी लिहिलं: 'कचरा वर्गीकरण करणाऱ्या महिलांच्या निष्काळजीपणामुळे फिनेलमिश्रित पाणी टाकीत गेले.' सोबत म्होरक्या बाईचा जबाब जोडायचा होता. तोही मीच लिहिला आणि हौसाक्काला ऑफिसात बोलावलं.

तिनं कागद बघितला. "काय लिवलंय, साहेब?"

"टाकी कशानं बिघडली ते. फिनेलचं पाणी गेलं टाकीत."

"फिनेल? मला वाटल्यालं गोडानं झालं."

"नाही. तपासणीत फिनेल निघालंय."

कसलीही तपासणी झाली नव्हती. हौसाक्कानं कागदावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "आमी अडानी. तुमी म्हनतासा म्हंजे तसंच असंल." तिनं डावा हात पदराला पुसला आणि अंगठा केला.

बायकांना काढलं. त्यांच्या जागी समितीच्या सूचनेवरून हलती चाळण आणि पट्टा असलेलं वर्गीकरणाचं यंत्र आलं. कोवळी पानं म्हशीसाठी वेगळी निघेनात, तेव्हा गवळी आणि त्याची बैलगाडी गेली. सुतळी चाळणीला गुंडाळली, माती टाकीत गेली, प्लॅस्टिकचे तुकडे राबावर तरंगू लागले. कोडोलीच्या बागायतदारानं दुसरा टँकर शेताच्या बांधावरूनच परत पाठवला. वर्षभरात टाकी गाळानं निम्मी भरली आणि बंडूअण्णांनी सिलिंडर आणला. तुम्ही मला विचारलंत, प्रकल्प का बंद पडला, तर तो असा बंद पडला. मी लोकांना सांगत आलो ते तयार उत्तर असं, की कोल्हापुरात कचरा निवडायची शिस्त नाही. शिस्त होती. मी तिचा अंगठा घेऊन तिला घरी पाठवलं होतं.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी कसाबसा झोपलो असतो. एके दिवशी भजी खायला गेलो तर बंडूअण्णा म्हणाले, "अक्काचं कळलं न्हवं? दोगी जावा येगळ्या झाल्या."

"का?"

"त्या फिनेलापायी! अक्कानं रुक्मीला अंबाबाईच्या दारात नेऊन विचारलं, तूच वतलंस का सांग म्हनून. ती शपथ घेऊन न्हाय म्हनाली. अक्का म्हनाली, साहेब खोटं बोलत असंल, का तू? चूल येगळी केली. सांगा आता, येवड्याशा बाटलीपायी."

माझ्या पुढ्यातली भजी तशीच राहिली. अण्णांना वाटलं तेल बिघडलंय.

नंतर मी निवृत्त झालो. हौसाक्का पोराकडं गावी गेल्याचं अण्णांकडूनच कळलं. आणखी काही वर्षं मी काढली. काढली म्हणजे टाळली. शेवटी एका सकाळी जे बोलायचं ते एका कागदावर लिहून घेतलं, कारण वाचून दाखवल्याशिवाय ते तोंडातून नीट बाहेर पडेल याचा मला भरवसा नव्हता. कागद खिशात घालून गडहिंग्लजची एसटी धरली आणि तिथून नेसरी.

हौसाक्का सोप्यात भुईमुगाच्या शेंगा निवडत बसली होती. थकली होती, पण आवाज तोच. "आगं बया, साहेब! सूनबाई, पानी आन. लांबनं आल्यात." समोर तीन ढीग होते. माझी नजर गेलेली बघून हसली. "बियाला, खायाला, आनी घान्याला. सवय जाईत न्हाय."

चहा झाला. तिनं विचारलं, "टाकी बरी हाय का?"

टाकी भंगारात जाऊन पाच वर्षं झाली होती. मी म्हणालो, "आहे."

"म्हस बसली तर उठवता येती, म्हनत हुते मी." ती शेंगा निवडत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "रुक्मी दिसती का वो बाजारात?"

"मी हल्ली जात नाही तिकडं."

"कोथमिरीची पाटी घेऊन बसती म्हनं. एकली. तिला तवा मी लई बोलले. आता वाटतंय जावं. पर साहेब, शपथ घेऊन खोटं बोलली न्हवं ती? ते काळजातनं जात न्हाय."

हाच तो क्षण होता. मी त्यासाठीच आलो होतो. खिशात हात घालून कागद काढला आणि उलगडला.

हौसाक्कानं कागदाकडं पाहिलं. शेंगांची धूळ लागलेला डावा हात तिनं पदराला नीट पुसला आणि माझ्यापुढं धरला.

"कुटं करू अंगठा?"

दारात सून उभी होती. मी कागदाची घडी घातली. "काही नाही अक्का. असंच. जुनं काहीतरी आहे."

निघताना तिनं खायच्या ढिगातल्या शेंगा माझ्या पिशवीत घातल्या. पुढच्या वर्षी हौसाक्का गेली. बातमी बंडूअण्णांनी दिली. त्यांनी आपणहून आणखी एक गोष्ट सांगितली: रुक्मा मातीला गेली नव्हती.

तो कागद माझ्या कपाटात आहे. वर अंगठा नाही, सही माझी आहे. मजकूर असा:

'हौसाक्का, तुम्ही म्हणाला होतात तेच खरं होतं. टाकी गोडानं गेली. मळी मी घातली. फिनेलची गोष्ट मी रचली आणि तुमचा अंगठा मी फसवून घेतला. रुक्माबाई अंबाबाईच्या दारात खरं बोलल्या. मला माफ करा असं म्हणायला तोंड नाही. पण त्यांना घरी बोलवा.'